नळाच्या दिवसाची साक्ष

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती अकोल्यात सव्वीस वर्षं रोज चढतोय, तेव्हा माझ्या शहाणपणाबद्दल काय ते समजून घ्या. पण एवढ्या वर्षांत मला सगळ्यांत जास्त राग ज्याचा आला तो माणूस खरा नाहीच. टीव्हीवरच्या मालिकेतला अॅडव्होकेट सरंजामे. साक्षीदार फोडतो, पुरावे जाळतो, आणि दर भागाच्या शेवटी गॉगल चढवून जिंकून बाहेर पडतो. कोर्टात गॉगल! ही मालिका सुरू झाल्यापासून माझे पक्षकार माझ्याकडे जरा कीव आल्यासारखेच बघायला लागले.

त्यात मूर्तिजापूरच्या मैनाबाई सगळ्यांच्या पुढे. त्यांचा मुलगा नितेश तेरा महिन्यांपासून आत होता. आरोप असा, की गेल्या वर्षी एप्रिलच्या नऊ तारखेला संध्याकाळी सहा वाजता त्याने स्टेशनजवळ एका माणसावर चाकूने वार केले. माणूस वाचला आणि त्याने नितेशचं नाव घेतलं. दोघांचं जुनं भांडण होतं. शिक्षा झाली असती तर पोराची दहा वर्षं गेली असती.

नितेशच्या बाजूने एकच साक्षीदार होती, शेजारच्या गंगूबाई. त्या संध्याकाळी नितेश त्यांच्या घरी कूलरचा पंप दुरुस्त करत होता. आता वर्षापूर्वीची तारीख त्या म्हातारीच्या लक्षात कशी राहिली? तर त्या दिवशी नळ आला होता. त्यांच्या गल्लीत तेव्हा आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, आणि अशा गल्लीत बारसं, भांडण, पाहुणे, सगळं नळाच्या दिवसावरूनच लक्षात राहतं. नळ आला तसा नितेशने पंप तिथेच टाकला आणि टाकी भरायला पाइप धरला. पाणी सोडल्याची नोंदवही मी मागवली. नऊ तारीख, सहा ते पावणेसात. मी खूश झालो. इतकी स्वच्छ साक्ष नशिबानेच मिळते.

साक्षीच्या दिवशी गंगूबाई आणि मैनाबाई कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली बसल्या होत्या. आत जायला अर्धा तास होता. म्हटलं, एकदा ऐकून घ्यावं.

गंगूबाईंनी पदर सावरला आणि शाळेतल्या पोरीसारखं सुरू केलं. "घड्याळीत सहाचे टोले पडले. मी घड्याळीकडं पायलं. नितेशले म्हटलं, बावा, सहा वाजले, च्या घे."

"कुठलं घड्याळ?"

गंगूबाई मैनाबाईंकडे बघायला लागल्या. त्यांच्या घरात घड्याळ नव्हतं, आणि असतं तरी त्यांना ते वाचता येत नव्हतं.

"मीच शिकोलं, साहेब," मैनाबाई म्हणाल्या. आवाजात अपराधाचा लवलेश नाही, उलट थोडा तोराच. "कोर्टात नळाचं काय सांगाचं? चांगलं दिसते का? तो सरंजामे पाहा. साक्षीदारानं घड्याळ पायलं म्हनलं की जज गप्प."

माझं डोकंच फिरलं. "अहो बाई, तुमच्याकडे खरं आहे! हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"खरं त सगळेच सांगतेत साहेब. त्यानं पोट्टा सुटते का?"



मी गंगूबाईंसमोर उकिडवा बसलो. "टोले विसरा. नळ आठवा. नळ आला, मग काय झालं?"

"नळ आला. मंग टोले पडले."

"टोले नाहीत!"

"नाई पडले. मंग च्या?"

"चहा होता का?"

"तुमी सांगा, ठेवाचा का नाई?"

घाम फुटला मला. म्हटलं, माझ्यामागून म्हणा. नळ आला. नितेशने पंप टाकला. पाइप धरला. त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. चौथ्यांदा त्यांनी न अडखळता घडाघडा सांगितलं आणि मला हायसं वाटलं. तेवढ्यात मैनाबाई कौतुकाने म्हणाल्या, "असंच! असंच घोटून घेते तो सरंजामे." माझे कान तापले. मी काय करत होतो? खरंच तर पाठ करून घेत होतो. मग लाज कशाची वाटली, ते कळेना.

आत माझे प्रश्न सुरळीत झाले. मग सरकारी वकील उठले आणि प्रत्येक उलटतपासात विचारतात तेच त्यांनी विचारलं. "हे सगळं वकिलांनी शिकवलं, म्हणून सांगताय ना?"

"हो," गंगूबाई म्हणाल्या.

मी हरकत घ्यायला अर्धवट उठलो.

"साहेबांनीच शिकोलं. मी खोटं सांगून राहिली होती, त साहेबांनी मले खरं शिकोलं."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे आणि मग गंगूबाईंकडे पाहिलं. "घरी घड्याळ आहे तुमच्या?"

"नाई जी."

"मग वेळ कशी कळते?"

"नळानं."

बाईंनी नोंदवही मागून घेतली, पान उलटलं आणि काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसात फाईल उघडली. गंगूबाईंचा पहिल्या भेटीतला मूळ शब्द मला बघायचा होता. माझंच अक्षर, माझीच निळी शाई. 'प्रश्न: नळाचा दिवस होता का? उत्तर: हो.' खाली: 'प्रश्न: मग नितेशने पाइप धरला असेल? उत्तर: हो.'

मी ते चार वेळा वाचलं. माझ्या आठवणीत नळाचा विषय गंगूबाईंनी काढला होता. शपथेवर सांगितलं असतं मी. नोंदवही नळापुरती खरी होती. पण पाइप कोणी धरला हे नोंदवहीत नसतं. मैनाबाईंनी टोले शिकवले होते. नळ मी तर नव्हता शिकवला?

तीन आठवड्यांनी नितेश निर्दोष सुटला. निकालात नोंदवहीचा उल्लेख होता, 'साक्षीदाराच्या निरागसपणाचा'ही. मैनाबाई रडल्या, हसल्या, गंगूबाईंच्या गळ्यात पडल्या. मग पिशवीतून त्यांनी एक डबी काढून माझ्या हातात ठेवली. काळा गॉगल होता.

"तुमी त त्याच्याहीवर निघाले, साहेब."

नितेश पाया पडायला वाकला. मी त्याला खांद्याला धरून बाजूला नेलं. तेरा महिने मी त्याचा वकील होतो आणि हे मी त्याला एकदाही सरळ विचारलं नव्हतं. आता निकाल लागला होता, विचारायला हरकत नव्हती.

"नितेश, त्या दिवशी सहा वाजता तू कुठे होतास?"

त्याने आईकडे पाहिलं, मग गंगूबाईंकडे, मग माझ्याकडे.

"काकूनं कोर्टात सांगतलं नं साहेब," तो म्हणाला. "तसंच."