दोनशे बाराव्या बाटलीतली चिठ्ठी

संग्रहालयाच्या तळघरात माशांच्या दोन हजार बाटल्या होत्या. त्या सांभाळणारे बाटलीकाका त्यांतल्या दोनच बाटल्यांना घाबरत. दोनशे बारा आणि दोनशे तेरा.

“तिसऱ्यांदा चहा गरम केलाय,” सकाळी बायको म्हणाली. “तोंड असं का? कुणी गेलं का?”

“अजून नाही,” काका म्हणाले.

आज ट्राउटवाल्या बाई येणार होत्या. ट्राउट आणि सॅमन यांच्या कुळांवर आणि मूळ गावांवर त्यांनी अकरा वर्षं काम केलं होतं, आणि त्याचं पुस्तक छापायला गेलं होतं. इंद्रधनुषी ट्राउट मूळची पॅसिफिकला मिळणाऱ्या नद्यांतली. दुसरीकडे कुठे दिसली तर ती माणसाने नेऊन सोडलेली, असं सगळे मानत. पण दोनशे बारामधली इंद्रधनुषी ट्राउट युरोपातल्या, अटलांटिकला मिळणाऱ्या ओढ्यातली होती, आणि तीही त्या भागात कुणी बादलीभर पिल्लं नेण्याच्या कितीतरी आधीची! आतली चिठ्ठीच तसं सांगत होती. या एका चिठ्ठीवर बाईंनी अख्खं सातवं प्रकरण उभं केलं होतं.

ती चिठ्ठी बाटलीत काकांनी टाकली होती.

बावीस वर्षांपूर्वी दोन्ही बाटल्यांची झाकणं कुजली, म्हणून काकांनी मासे दोन ताटांत काढले आणि चिठ्ठ्या धुवायला एकाच वाटीत घातल्या. तेवढ्यात वरून साहेबांची हाक आली. परत येऊन पाहतात तर कुठली चिठ्ठी कुठल्या माशाची, हे फक्त माशांना माहीत. मासे काही बोलले नाहीत. काकांनी अंदाजाने चिठ्ठ्या टाकल्या आणि झाकणं घट्ट लावली.

बाई संग्रहालयाच्या साहेबांसोबत खाली आल्या. भिंगाखाली मासा फिरवत त्या खुशीत म्हणाल्या, “शेपूट बघा साहेब, ठिपक्यांनी भरलीय! इंद्रधनुषीच. पूर्वी हिला अटलांटिकच्या सॅमनच्या घरात धरायचे. मग हाडं तपासली आणि तिची रवानगी पॅसिफिकच्या सॅमनकडे झाली.”

“नांदायला गेली म्हणा,” साहेब हसले. काका रॅकला पाठ लावून उभे राहिले. दोनशे तेरा त्यांनी पहाटेच सॅमनच्या मोठ्या बरण्यांमागे सरकवली होती.

“याच माणसाने पकडलेली दुसरी एखादी आहे का हो, काका?”

“शोधावी लागेल,” काका म्हणाले.

“राहू द्या मग.” बाईंनी भिंग पिशवीत घातलं. “आणि पुस्तकात तुमचे आभार मानलेत हं. पूर्ण नावानिशी.”

अकरा वर्षांचं काम, वर चुकीची चिठ्ठी, आणि खाली आपलं नाव! काका रॅककडे वळले, बरण्या बाजूला केल्या आणि दोनशे तेरा आणून टेबलावर ठेवली.

बाईंनी चिठ्ठी वाचली. पॅसिफिकची नदी, तेच वर्ष. मग शेपूट पाहिली. जवळजवळ कोरी. तपकिरी ट्राउट, मूळची युरोपातली.

एक चमत्कार विद्वानांना चालतो. एकाच फळीवर दोन झाले की त्यांना घाम फुटतो. बाईंनी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या.

“मी मिसळल्या,” काका म्हणाले. “दोन्ही चिठ्ठ्या. बावीस वर्षं झाली.”

“आणखी किती?” साहेबांनी विचारलं.

“एवढ्या दोनच, साहेब. शप्पथ.”

“शपथेला कुठल्या बाटलीत ठेवू, काका?”

बाईंनी फोन लावला. “सातवं प्रकरण थांबवा. नाही, दुरुस्ती नाही. काढूनच टाका... हो, सगळं.” फोन ठेवून त्यांनी भिंग परत काढलं आणि दोन्ही माशांच्या शेपट्या पुन्हा पाहिल्या. काकांना वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग बाईंनी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. तळघराचा नियम काकांच्याच तोंडी असे: जुनी चिठ्ठी कधी फेकायची नाही, शेजारी नवी टाकायची, खाली तारीख आणि पूर्ण नाव. शाई बाटलीतल्या स्पिरिटमध्ये विरघळू शकते, पेन्सिल दोनशे वर्षं हलत नाही, हेही नव्या लोकांना तेच शिकवत आले होते.

काकांनी लिहिलं: ‘ठिकाण खात्रीचं नाही. चिठ्ठ्या माझ्या हातून मिसळल्या.’ आणि नावाशी येऊन पेन्सिल अडली. दोन हजार बाटल्यांत त्यांचं नाव आजवर एकाही बाटलीत नव्हतं.

“जरा दाबून लिहा, काका,” बाई म्हणाल्या. “पुढच्या माणसाला वाचता आलं पाहिजे.”