अंबाडीची पाहुणी

हेमालीने सहलीचा एकच नियम केला होता: कुणाकडे जायचं नाही. भिवंडी तालुक्यातल्या पोरीने असा नियम करायला छाती लागते. इथे माणूस फिरतो तो आत्याकडून मावशीकडे आणि मावशीकडून मामाकडे, आणि प्रत्येक ओटीवर तेच ऐकतो: बारीक झालीस गं, लग्नाचं काय गं. कशेळीच्या गोदामात रोज खोक्यांवर बारकोड मारणाऱ्या हेमालीला कशीबशी दोन दिवसांची सुट्टी मिळाली होती. ती तिला असल्या चौकश्यांत घालवायची नव्हती. पाठीला बॅग, बॅगेत चिवडा आणि केळी, खर्च अगदी बेताचा. चालायचं, होडीने खाडी ओलांडायची, पुन्हा चालायचं आणि रात्री फोनवर शोधलेल्या एका स्वस्तातल्या खोलीवर पडायचं. एक दिवस आपण कुणाची भाची नाही, कुणाची पुतणी नाही.

सकाळी ट्रेलरांची धूळ खात ती अंजूरला पोचली आणि धक्क्यावरून होडीत बसली. होडीत दोन मोटरसायकली, कोंबड्यांचं एक खुराडं आणि सात-आठ माणसं होती. होडीवाल्या लडकूने सवयीने विचारलं, "कुठची गो तू?"

"घूमने आयी हूँ, चाचा," हेमालीने हिंदीत ठोकून दिलं.

"घूमने को? इदर क्या हाय?" लडकू बुचकळ्यात पडला. बाईसाहेब मात्र खूश झाल्या. आपल्याच खाडीत परकं होण्याची मजा काही औरच असते, ती फार वेळ टिकत नाही एवढंच.

पलीकडे उतरून ती बांधाबांधाने चालत राहिली. ऊन चढलं. केळी होडीतच संपली होती, चिवडा अर्ध्या वाटेत संपला. दुपारी पोटात कावळे कोकलायला लागले तेव्हा एका गावात मांडव दिसला, स्पीकर ऐकू आला आणि वाफाळत्या भाताचा वास आला. नवऱ्यामुलाची हळद होती. मांडवाच्या तोंडाशी उभ्या बाईने हेमालीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "उन्हाची कुठं चाल्लीस? जेवून जा."

हेमालीचा नियम कुणाकडे जायचं नाही एवढाच होता. फुकट जेवायचं नाही असा नव्हता. ती पंगतीला बसली. भात आला, वालाचं बिरडं आलं, तांदळाची भाकरी आली. पाच-सहा घास खाऊन जरा जिवात जीव येतो तोच भात वाढणारी, नवरदेवाची आत्या तुळजा, समोर थांबली.

"कुठची गो पोरी?"

इथे नाव कुणी विचारत नाही, गाव विचारतात. आपलं खरं गाव, कशेळी, सांगावं तर मांडवातली निम्मी माणसं नात्यातली निघतील आणि संध्याकाळपर्यंत आईचा फोन येईल. बिरड्याने तोंड भरलेलं असताना हिंदी सुचली नाही. हेमालीला दूरचं म्हणून जे पहिलं गाव आठवलं ते तिने सांगून टाकलं. "अंबाडीची."

तुळजाचा हात भातात तसाच राहिला. शेजारच्या दोघी वळून बघायला लागल्या. "अंबाडीची? सीतावहिनीच्या माहेरची?" आणि मग घराकडे तोंड करून ती ओरडली, "वहिनी! आलं गो तुज्या माहेरचं मानूस!"

हेमालीने हातातला घास परत ताटात ठेवला. आपल्या लोकांत गाव सांगणं म्हणजे नातं सांगणं, हे तिला न कळण्याइतकी ती लहान नव्हती. पण आता बोलून बसली होती. शेजारच्या बाईने न विचारताच कानात सगळं ओतलं. सीताबाई म्हणजे नवरदेवाची, दीपेशची, आई. तिचा भाऊ काळूराम अंबाडीला. त्याने जमीन गोदामवाल्याला द्यायची ठरवली आणि हिने सही दिली नाही, तेव्हापासून येणंजाणं बंद. इकडची रीत अशी की हळदीला आईने माहेरचं लुगडं नेसायचं आणि मगच मुलाला हळद लावायची. सकाळपासून सगळ्या बायका अंबाडीच्या वाटेकडे बघत होत्या, आणि तुळजा दर घटकेला म्हणत होती, "कसला येतोय त्यो!"

सीताबाई आली. रोजच्या विटक्या साडीत होती, हळद कुटून हात पिवळे झाले होते. ती हेमालीसमोर उभी राहिली आणि नुसती बघत राहिली. हेमालीला वाटलं, आत्ता ही म्हणेल, ही कोण भवानी? तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं.

"काळूदादाच्या घरची ना गो?" सीताबाई मोठ्याने म्हणाली.

हेमालीने मान हलवली. का हलवली ते तिचं तिलाच कळलं नाही.

"आनि लुगडं?" तुळजाने लगेच विचारलं. "हात हालवत तर न्हाय ना पाठवली?"

"बॅगेत असंल," सीताबाई म्हणाली. "जेवत्या पोरीला इचारतात काय असं? चल गो, आत चल, हात धू."

आतल्या खोलीत सीताबाईने दार लोटलं. हेमाली रडायलाच लागली. तिला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. दोन घासांसाठी आणि चार चौकश्या चुकवण्यासाठी आपण एका बाईच्या दुखऱ्या जागी पाय दिला होता. "मावशी, मी अंबाडीची नाही," ती म्हणाली. "मी कुणीच नाही. मी फिरायला आलेय. मी उगाच बोलले. मी जाते, मागच्या दाराने जाते."

"ठावं हाय मना," सीताबाई म्हणाली. "काळूदादाच्या घरात पोरगीच न्हाय."

तिने पेटी उघडली आणि तळातून एक नवी साडी काढली. हिरवी, जरीच्या काठाची, दुकानाच्या पिशवीत तशीच घडी घातलेली. "मीच आनली भिवंडीवरना. दादा येनार न्हाय ते मना आधीच कललं व्हतं. पन आनून देनार कोन? आपलेच दात, आपलेच ओठ, कुनाला सांगू?" तिने पिशवी हेमालीच्या बॅगेत कोंबली. "भायेर जाऊन काढ. समद्यांच्या म्होरं. मग जा तुला कुठं जायचं तिथं."

हेमालीला नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं. सीताबाई रागावली असती, दोन शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं. ही बाई तिच्या खोट्यालाच हात जोडून उभी होती.

मांडवात सगळ्या बायका गोळा झाल्या. हेमालीने बॅग उघडली, साडी काढली आणि सीताबाईच्या हातात दिली. तिने मान खालीच ठेवली. बायकांना वाटलं, पोर लाजली. कुणीतरी हळदीचं गाणं उचललं. "बघा," तुळजा म्हणाली, आणि तिचा आवाज खरंच नरमला होता, "शेवटी भाऊ तो भाऊच."

सीताबाईने साडी छातीशी धरली. आता ती आत जाईल, नेसून येईल आणि आपण सुटू, असं हेमालीला वाटलं. पण ती हलली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "दादा कसा हाय गो माजा?"

सगळ्या बायका हेमालीकडे बघत होत्या.

"बरे आहेत," हेमाली म्हणाली. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण खोटं तिच्या तोंडून आजवर आलं नव्हतं इतक्या सहज आलं. "तुमची फार आठवण काढतात."

सीताबाईने हिरव्या साडीत तोंड लपवलं. नाटक करणाऱ्या बाईचे खांदे असे हलत नाहीत.