गोदूबाईचा नातू

“त्या टिंबांच्या रेघेखाली काय लिहिलंय गं?” अण्णांनी विचारलं.

शलाकाने ते आधीच वाचलं होतं. दिवाणखान्याच्या एका भिंतीवर, दारापासून खिडकीपर्यंत, लांबच लांब कागद चिकटवला होता. हॅलिनन घराण्याचा वंशवृक्ष. आयर्लंडमधल्या एका खेड्यातून निघालेल्या रेघा बोस्टनला, पर्थला, लिव्हरपूलला गेल्या होत्या, आणि त्या रेघांची जितीजागती टोकं आत्ता हातात वाइनचे पेले घेऊन मागे उभी होती. सगळ्या रेघा जाड आणि काळ्या होत्या. डेनिस हॅलिनन या नावापासून डावीकडे निघालेली एकच रेघ टिंबांची होती.

“नीळकंठ लिहिलंय, अण्णा. आजोबांचं नाव.”

“ते दिसलं मला. त्याच्या खाली बारीक काय आहे? माझा चष्मा कोटात राहिला.”

खाली बारीक इंग्रजीत लिहिलं होतं : ‘आई – स्थानिक मोलकरीण, नाव अज्ञात.’

शलाकाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. अज्ञात? तिने स्वतः सांगितलं होतं नाव. एकदा नाही, दोनदा.

शलाका भडांगे लग्न होऊन सुबोधच्या मागोमाग रॉटरडॅमला आली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. आली तेव्हा व्हिसावर ‘अवलंबित’ होती. मग डच शिकली आणि श्रवणयंत्रांच्या एका दुकानात कामाला लागली. म्हाताऱ्यांच्या कानांचे साचे घ्यायचे, यंत्र बसवायचं, आवाज कमीजास्त करून द्यायचा. काम तिला आवडायचं. आयुष्यात सांगण्यासारखं फार काही नव्हतं. होते ते तिचे डोळे. हिरवट करडे. मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी कोणीतरी नवीन बाई कौतुकाने विचारायची, “तुम्ही कोकणस्थ का?” नाही म्हटलं, इगतपुरीचे भडांगे म्हटलं, की कौतुकाची जागा कुतूहल घ्यायचं. ‘मग हे डोळे कुठून?’ असं तोंडावर विचारायला सभ्यता आड यायची, पण नजर विचारायचीच.

तिच्या वडिलांना, अण्णांना मात्र लहानपणी सगळ्यांनी तोंडावरच विचारलं होतं. वासुदेव नीळकंठ भडांगे, एसटीच्या नाशिक डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त. शाळेत त्यांना ‘गोऱ्याचं’ म्हणत. घरी विचारलं तर वडील उठून बाहेर जात. नीळकंठ लोको शेडमध्ये फिटर होते. निळ्या डोळ्यांचा तो माणूस जन्मभर आपल्या बापाबद्दल एक शब्द बोलला नाही. अण्णांना जे कळलं ते आजीकडून, तेही तुकड्यातुकड्यांनी.

म्हणून गेल्या वर्षी नाशिकला गेल्यावर शलाकाने अण्णांची थुंकी नळीत घेतली आणि परत आल्यावर डीएनए तपासणीला पाठवली. मधूकाका, अण्णांचे धाकटे भाऊ, भयंकर चिडले. “कशाला उकरून काढता? नातींची लग्नं व्हायचीत अजून. गावाला आत्ता कुठे विसर पडलाय.” अण्णा म्हणाले, “गावाला पडला असेल. मला नाही.”

निकालात एक नाव अगदी जवळचं निघालं. नूला हॅलिनन. आणि ती राहत होती द हेगला, शलाकाच्या घरापासून अर्ध्या तासावर. एका आंतरराष्ट्रीय संस्थेत दुभाषी होती, आता निवृत्त. दोघी एका कॅफेत भेटल्या तेव्हा नूलाने शलाकाचे डोळे बघितले आणि तिला रडूच फुटलं. तिचे आजोबा डेनिस तरुणपणी हिंदुस्थानात रेल्वेचे इंजिन ड्रायव्हर होते, एवढंच तिला माहीत होतं. ते परत आले, लग्न केलं, मुलं झाली, त्यातली निम्मी परदेशी गेली. “आपण दूरच्या कझिन आहोत,” नूला म्हणाली. शलाकाने मनात हिशोब केला. अण्णांची चुलत बहीण. म्हणजे दूरची बिरची काही नाही, सरळ आत्या.

तेव्हाच तिने नाव सांगितलं होतं. गोदूबाई. नूला म्हणाली होती, “किती सुंदर!” नंतर व्हिडिओवर अण्णांशी गाठ घालून दिली तेव्हा पुन्हा सांगितलं. पुन्हा ‘किती सुंदर’.

म्हणून तर नूलाच्या घरी भरलेल्या हॅलिननांच्या या संमेलनासाठी अण्णा व्हिसाच्या रांगा सोसून आले होते. येताना येवल्याहून रेशमी उपरणं आणलं. “बहिणीकडे पहिल्यांदा जायचं ते रिकाम्या हाताने?” आज दारातच त्यांनी ते नूलाच्या खांद्यावर घातलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले.

आणि आत भिंतीवर हे.

“वाच ना,” अण्णा म्हणाले. “एवढं काय आहे त्यात?”

तिने वाचून दाखवलं. मराठीत, हळू आवाजात, एकही शब्द न गाळता. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं होतं, पण या माणसाशी आयुष्यभर सगळे खोटंच बोलत आले होते.

अण्णांनी मान हलवली. मग विचारलं, “हे कोणी केलं?”

केलं होतं ब्रेंडनने. नूलाचा पर्थचा चुलतभाऊ, म्हणजे अण्णांचाही. शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक, उंच, हसरा. शलाकाने हाक मारल्यावर तो लगेच आला. “आवडला का? तीन खंडांतली माणसं जोडलीत मी यात!”

“इथे नाव अज्ञात का लिहिलंय?” शलाकाने इंग्रजीत विचारलं. “तिचं नाव गोदूबाई. मी नूलाला कळवलं होतं.”

“हो, हो, नूलाने मला पाठवलं होतं ते.” ब्रेंडनने पेला टेबलावर ठेवला. “पण काय आहे, मी एक नियम पाळलाय. कागदोपत्री पुरावा असेल तेच लिहायचं. नाहीतर कोणीही काहीही सांगतं. तुमच्याकडे लग्नाचा दाखला आहे? जन्माचा? आईचं नाव असलेलं काहीही?”

नव्हतं. नीळकंठला शाळेत घातलं तेव्हा गोदूबाईच्या भावाने बाप म्हणून स्वतःचं नाव लावलं आणि आई म्हणून स्वतःच्या बायकोचं. पोराला आडनाव मिळालं आणि गोदूबाई कागदावरून कायमची गेली. तिकडे ते, इकडे हे. एका बाईला पुसून टाकायला दोन देशांतली माणसं एकमेकांना न भेटताच कशी एक झाली होती!

“नावाला पुरावा लागतो,” शलाका म्हणाली. तिचा आवाज चढला होता हे तिला कळलं, पण तिने तो उतरवला नाही. “मग मोलकरणीला कुठला पुरावा मिळाला तुम्हाला?”

ब्रेंडन अडखळला. “तो... रास्त अंदाज आहे. त्या काळी बहुतेक वेळा असंच असायचं.”

“म्हणजे तुमचा अंदाज चालतो. आणि तिच्या नातवाने सांगितलेलं चालत नाही.”

कोणीतरी उगाचच खिडकी बंद केली. नूला लगबगीने आली, शलाकाच्या दंडावर हात ठेवून म्हणाली, “अगं, हा कच्चाच आराखडा आहे. आपण आधी जेवूया का? सगळं गार होईल.”

“काय म्हणते?” अण्णांनी विचारलं.

“जेवूया म्हणते.”

“जेवू. आधी माझं ह्यांना सांग.” अण्णा वंशवृक्षाकडे पाठ करून उभे राहिले. ते मराठीत बोलले आणि शलाका वाक्यावाक्याला इंग्रजी करत गेली.

“माझी आजी मोलकरीण नव्हती. तिचा बाप घाटात रेल्वेच्या रुळांवर गँगमन होता, आणि ती डोक्यावरून खडी वाहायची. तुमचे आजोबा तिला घरी घेऊन गेले. सहा वर्षं ती त्यांच्या क्वार्टरात राहिली. त्यांचं रांधलं, कपडे धुतले, आजारपणं काढली, पोर जन्माला घातलं. ह्या कामांना तुमच्यात मोलकरीण म्हणत असतील तर तुमच्या सगळ्यांच्या आज्या मोलकरणीच होत्या. तसं लिहा मग सगळ्यांच्या खाली.”

तेवढं इंग्रजी होऊ देऊन अण्णा पुढे बोलले.

“एक दिवस ते रजेवर जातो म्हणून गेले. क्वार्टर रिकामं करायला माणसं आली तेव्हा तिला कळलं. भावाने मागच्या पडवीत जागा दिली, आणि ती परत खडी उचलायला गेली. गावाने तिला विहिरीवर येऊ दिलं नाही. माझ्या बापाला तिने एकटीने वाढवलं. मी चौदा वर्षांचा होतो तोवर ती होती. नागलीची भाकरी करायची आणि वरचा पापुद्रा काढून, तेल-मीठ लावून पहिला मला द्यायची. कागद नाही माझ्याकडे. मी तिच्या हातचं जेवलोय.”

शलाकाचा आवाज ‘पापुद्रा’ला अडला. त्याला इंग्रजी शब्द तिला सापडेना. तिने ‘भाकरीचा सगळ्यात चांगला भाग’ असं सांगितलं आणि तेवढ्यानेही ती स्वतःवर चिडली.

“अजून एक विचार,” अण्णा म्हणाले. “माझ्या थुंकीवरून ह्यांना कळलं ना, मी ह्यांच्यातला आहे? मग त्याच थुंकीत ती पण होती. तुमचं तेवढं सापडलं, आणि तिचं अज्ञात?”

ब्रेंडनचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज तसाच समजूतदार राहिला. मुख्याध्यापकाचा. “तुमच्या भावना मी समजू शकतो. मोलकरीण हा शब्द मी काढतो. पण नावाचा नियम मी एकासाठी मोडला तर बाकीच्यांना काय सांगू? ‘स्थानिक स्त्री’ असं लिहिलं तर चालेल?”

शलाकाने भाषांतर केलं. अण्णांनी जरा विचार केला.

“नको. मग माझ्या बापाचं नाव पण काढा म्हणावं. तिच्याशिवाय तो कुठून आला? आभाळातून पडला का?”

हे इंग्रजीत सांगताना शलाकाला वाटत होतं, आता तरी हा माणूस वरमेल. नाही नाही म्हणेल. नूला मध्ये पडेल.

ब्रेंडन म्हणाला, “तुमची तशी इच्छा असेल तर...” त्याने खिशातून पांढरी पट्टी काढली, चुका झाकायला वापरतात ती. एकदा ओढली तेव्हा नीळकंठ गेला. दुसऱ्यांदा ओढली तेव्हा टिंबं गेली. तिसऱ्यांदा, खालची बारीक अक्षरं. भिंतीजवळची एक बाई “अरेरे” म्हणाली. नूला ओठ दाबून उभी होती.

इतकं सोपं होतं ते. अण्णांनी ते बघितलं, आणि त्यांची मान थोडी मागे गेली, कोणी फुंकर मारावी तशी. मागितलं त्यांनीच होतं. पण माणूस मागतो तेव्हा समोरच्याने इतक्या लवकर द्यायचं नसतं.

“चल,” ते म्हणाले.

“जेवायचं होतं ना?”

“तुझ्याकडे आमटीभात आहे ना कालचा? मग चल.”

दोघं कोट चढवून बाहेर पडले. रविवारची दुपार, समुद्रावरून येणारा वारा तोंडावर फटके मारत होता. ट्रामच्या थांब्यापर्यंत अण्णा झपझप चालत राहिले. शलाकाच मोठमोठ्याने बोलत राहिली. काय समजतात स्वतःला, पाहुणे म्हणून बोलावतात, टाळ्या वाजवतात, आणि मधूकाकाही तसलाच, त्याला नातींच्या लग्नाचं पडलंय, आणि तुम्हाला एवढ्या लांब आणलं मी हे बघायला, मी मूर्ख...

“तू कशाला मूर्ख?” अण्णा म्हणाले. “मी एकदा आजीला विचारलं होतं, आजोबा कसे होते. म्हणाली, उंच होता, दारात वाकायचा. बास. एवढंच. शिवी नाही दिली, रडली नाही.” त्यांनी नाक पुसलं. “ती नाही रडली, तर आपण रस्त्यात तमाशा कशाला करायचा?”

तेवढ्यात मागून पावलं ऐकू आली. नूला जवळजवळ पळतच येत होती. अंगात कोट नव्हता, पायात घरातल्या सपाता. थांब्यापाशी येऊन ती खांबाला धरून उभी राहिली. धाप लागली होती.

“मी बोलायला हवं होतं,” ती म्हणाली. “तो पुसत होता तेव्हा. मी जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं पोचवायचं काम केलं, आणि आज...” तिने हात झटकला. “तो कागद मी उतरवलाय. ब्रेंडन ओरडतोय. ओरडू दे.”

अण्णा रुळांकडे बघत होते. शलाकाने भाषांतर केलं तरी बघतच राहिले.

“तिचं नाव मला पुन्हा सांगा,” नूला म्हणाली. “मला लक्षात नाही राहिलं. खरंच नाही राहिलं.”

“दोनदा सांगितलं होतं,” शलाका म्हणाली. तिचा राग अजून तसाच होता, आणि तो लपवावा असं तिला वाटलं नाही. मग तिने अण्णांना सांगितलं, “नाव विचारतेय. आजीचं.”

अण्णा वळले. त्या बाईला त्यांनी वरपासून सपातांपर्यंत बघितलं.

“गोदूबाई,” ते म्हणाले.

“गोडूबाय.”

“डू नाही. दू. जीभ दाताला लाव.” त्यांनी बोट स्वतःच्या दाताला लावून दाखवलं. याला भाषांतर लागलं नाही.

ट्राम आली. दारं उघडली. शलाका एक पाय वर ठेवून म्हणाली, “अण्णा, चला, गार आहे.”

“जाऊ दे ती.”

दारं मिटली, ट्राम गेली. नूला दोन्ही हात काखेत घालून कुडकुडत होती. तिचे डोळे वाऱ्याने की कशाने भरले होते. ते डोळे अण्णांचेच होते.

“हं. परत.”

“गोदू,” नूला म्हणाली. यावेळी बरोबर. ती हसली आणि तेवढ्यावर थांबली.

“बाई,” अण्णा म्हणाले. “गोदूबाई म्हण. नुसतं गोदू म्हणायला ती काय तुझी मैत्रीण होती?”

आणि बोट वर धरून ते वाट बघत उभे राहिले.