सटवाईचा कागद

“आधी पांढरं ठेवजो, मंग फोटो काढजो. पांढरं काय अस्ते थे मोबाइलले आपनच दाखवा लागते. फोटोत कागद पांढरा दिसला त फोटो खरा. नाही दिसला त समज, मोबाइल खोटं बोलून राह्यला.”

उपकेंद्रातल्या यास्मीन सिस्टरनं हे शिकवलं तेव्हा सुचितानं वहीत लिहून घेतलं होतं. आज धाड गावाजवळच्या वस्तीवर, शालूबाईच्या दारात चपला काढताना तोच आवाज तिच्या कानात घुमत होता आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

सुचिता गावची आशाताई. सोमवारी ती या घरी आली तेव्हा काजलची पोरगी तीन दिवसांची होती. अंगाला पिवळट झाक वाटली, म्हणून सिस्टरला फोटो पाठवावा असं तिनं ठरवलं. पिशवीतलं पांढरं कार्ड बाळाच्या छातीशी टेकवलं, तोच काजलची सासू शालूबाई पुढं आली आणि तिनं ते उचलून उंबऱ्याबाहेर भिरकावलं.

“बाळंतिणीच्या खोलीत पांढरं? कोन मेलं का वं इथं?”

सोमवारी कुणाला उणा शब्द बोलायचा नाही, हा सुचिताचा अकरा वर्षांचा नेम. ती गप्प बसली. हळदीत बुडवून वाळवलेल्या कापडावर पोरगी निजली होती, तसाच फोटो काढून पाठवला. फोटोत पोरगी गुलाबी आली.

“कागद काऊन नाही दिसत?” सिस्टरनं विचारलं.

“बाजूले सरकला,” सुचितानं लिहिलं.

“मंग ठीक. रंग बरा वाटते.”

उणा शब्द नको म्हणून नेम पाळला आणि खोटा शब्द सहज लिहून टाकला. आज बुधवार. सकाळीच काजलचा फोन आला होता, “ताई, पोरगी दूधच ओढून नाही राह्यली. हालवलं तरी डोये उघडत नाही.” सुचितानं आधी दवाखान्याची गाडी बोलावली, मग स्कूटी काढली.

खोलीत पिवळा बल्ब, खिडकीला गोधडी. शालूबाई पोरीला त्याच हळदीच्या कापडासकट मांडीवर घट्ट धरून बसलेली. कोपऱ्यात पाटावर पूजेची मांडामांड: हळदकुंकू, विळा, दिवा.

“मावशी, गाडी येऊन राह्यली. पोरीले न्या लागते.”

“आज पाचवी हाय. सटवाई आज लेख लिहायले येते. पोट्टी घरात नसली त लिहीन कोनाच्या कपाळावर, तुह्या?”

“पोरगी पिवळी पडली, मावशी.”

“हळद-तेल लावलं म्यां. पिवळी नाही त काय जांभळी दिसीन?”

“अंग पुसून पाहा.”

“तुह्याच मोबाइलनं सोमवारी चांगली दाखवली होती ना? तवा मोबाइल खरा, अन् आज माही हळद खोटी?”

हे मात्र सुचिताच्या वर्मी लागलं. तिला राग शालूबाईचा होताच, पण त्याहून जास्त सोमवारी गप्प बसलेल्या स्वतःचाच होता. तिनं पिशवीत हात घातला. कार्ड नव्हतं. उंबऱ्याबाहेर पडलेलं ते तिनं परत उचललंच नव्हतं.

तेवढ्यात तिची नजर पाटावर गेली. तिथं सटवाईनं लेख लिहावा म्हणून पेन ठेवलेलं, आणि पेनाखाली एक कोरा कागद. पांढराशुभ्र.

सुचितानं तो उचलला.

“ए! थो देवीचा हाय! ठेव खाली!”

“हा पांढरा चालते का तुमाले? बाळंतिनीच्याच खोलीत हाय ना?” सुचिताचा आवाज असा चढला की बाजेवर निजलेली काजल दचकून उठून बसली. “माह्या कार्डानं विटाळ होते अन् याच्यानं नाही? सटवाईलेही पांढऱ्यावरच लिहा लागते, मावशी!”

सुचिताला ओरडता येतं, हे वस्तीत कुणाला ठाऊक नव्हतं.

सुचितानं खिडकीवरची गोधडी ओढून काढली, बल्ब बंद केला, ओल्या फडक्यानं पोरीचं अंग पुसलं. कागद छातीशी टेकवून, पिवळ्या कापडासकट फोटो काढला आणि मोबाइल शालूबाईच्या नाकासमोर धरला.

“पोट्टी त बरी दिसते,” शालूबाई म्हणाली. मग डोळे बारीक करून म्हणाली, “पन कागद निळा काऊन दिसते वं?”

“धोतराले नीळ काऊन देता तुमी?”

“पिवळेपना जावा म्हून.”

“मोबाइलनं थेच केलं. एवढं पिवळं कापड पाह्यलं अन् सगळ्यालेच नीळ देली. कापडाले बी, पोरीले बी.”

तिनं कापड खालून ओढून घेतलं, कागदाचं पांढरं मोबाइलला नीट दाखवलं आणि पुन्हा फोटो काढला. आता कागद कागदासारखा पांढरा होता. आणि त्याच्याशेजारी पोरगी, कपाळापासून तळपायांपर्यंत, कुटलेल्या हळदीसारखी.

शालूबाईनं एकदा मोबाइलकडं पाहिलं, एकदा पोरीकडं. सिस्टरचा फोन लगेच आला, “एक मिनिट थांबू नको. निघा!”

“सिस्टर, सोमवारी कागद सरकला नव्हता. म्यां ठेवलाच नव्हता.”

“त्याच्यावर बोलीन मी तुह्याशी. आधी पोरगी.”

दारात गाडीचा हॉर्न वाजला. काजलचा नवरा गजेंद्र धावत आत आला, पण शालूबाईचे हात सुटेनात.

“अन् सटवाई? थे येऊन रिकामी जाईन ना वं...” आता तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता.

सुचिताचा राग गेला नव्हता. पण हे भय खोटं नव्हतं. तिच्या स्वतःच्या लेकीच्या पाचवीला तीही रात्रभर दिव्याजवळ बसली होती.

“तुमी कागदाची पूजा करा. दिवेलागनीच्या आत थो पोरीच्या उशाशी ठेवीन मी. शब्द देते.”

हात सुटले. काजल आणि गजेंद्र पोरीला घेऊन बसले, गाडी बुलढाण्याला गेली.

गुडघ्यांमुळं शालूबाईला एसटीच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. तिनं दुपारीच कागदाला हळदकुंकू वाहिलं, अगदी काठाला, मधलं पांढरं मोकळं सोडून. पूजा होते न होते तोच काजलचा फोन आला. कावीळ उतरावी म्हणून पोरीला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. वेळेवर आणली, पण दोन दिवस आधी आणायला हवी होती, असं डॉक्टर म्हणाले होते.

“तिथं बी नीळच?” शालूबाई पुटपुटली. मग पदरानं डोळे पुसत, “माहं चुकलं, सुचिता,” म्हणाली.

“माहं बी,” सुचिता म्हणाली.

उंबऱ्याबाहेर, तुळशीच्या ओट्यामागं, सोमवारचं कार्ड धुळीत पडलं होतं. सुचितानं ते उचललं, पदरानं पुसलं. सटवाईचा कोरा कागद दुमडू नये म्हणून कार्डावर नीट ठेवला, पेन पिशवीत टाकलं आणि बुलढाण्याची चारची एसटी गाठायला ती फाट्याकडं चालू लागली.