फ्लॉपीवरचा चेकर

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, रंगसुद्धा नाही. मी एक जुना प्रोग्रॅम आहे, निळ्या फ्लॉपीवर राहणारा. काळ्या पडद्यावर चार पांढऱ्या ओळी उमटतात ना, तेवढाच मी दिसतो. पण म्हणून मला साधा समजू नका हं. माझ्यावरही एकदा बाका प्रसंग आला होता!

माझा जन्म अठ्ठ्याण्णव साली सांगलीत, वखारभागात झाला. भरतेश नावाच्या मुलाने नुकतंच इंजिनिअरिंग संपवलं होतं. वडिलांच्या खताच्या दुकानाशेजारी एक खोली होती, तिथे त्याने कॉम्प्युटर मांडले आणि 'इंटरनेट' अशी पाटी लावली. कुणी परगावच्या मुलाला ई-मेल करायला येई, कुणी व्यापारी बाहेरचे हळदीचे भाव बघायला. या सगळ्या सेवा दुसऱ्यांच्या. प्रत्येक कंपनीने एक नाव आणि एक परवलीचा शब्द दिलेला. त्यातला एखादा मध्येच बंद पडे, आणि ते कळे कधी, तर गिऱ्हाईक खुर्चीत बसल्यावर! मग भरतेशची जी काही तारांबळ उडे, विचारू नका.

म्हणून त्याने मला बनवलं. रोज सकाळी मी फाइल उघडायची, एका ओळीतून नाव घ्यायचं, खालच्या ओळीतून परवलीचा शब्द घ्यायचा, फोनच्या तारेवरून त्या कंपनीचं दार ठोठावायचं आणि 'चालू' की 'बंद' एवढंच सांगायचं. आत शिरायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. मी 'चालू' म्हटल्याशिवाय बाकीचे कॉम्प्युटर जोडलेच जात नसत, एवढा माझा मान! भरतेशची गुणमालाकाकू मला चेकर म्हणायची. एसटीत तिकिटं बघायला मध्येच चढतो ना, तसा. मला ते नाव भलतंच आवडलं.

पुढे भरतेशला बेंगळुरात नोकरी लागली. खोली चालवायला काकू तयार झाली. घराबाहेरचं, स्वतःचं असं तिचं ते पहिलंच काम. तिचे दीर नानासो, म्हणजे भरतेशचे वडील, यांना मात्र ते पसंत नव्हतं. ते म्हणाले, "चालवा वैनी. पण हे एक दिस जरी बंद दिसलं, तर मी हितं खताची पोती लावणार."

निघताना भरतेशने काकूच्या मुलीला, नववीतल्या कीर्तीला, सांगितलं की चेकर कसा चालवायचा ते मराठीत नीट लिहून ठेव. कीर्ती हो म्हणाली आणि राहून गेलं. बटण दाबलं की झालं, त्यात लिहायचं काय, असं सगळ्यांनाच वाटे. मलासुद्धा.

मार्चमध्ये परवलीचे शब्द बदलून आले. काकूने एकेक अक्षर शोधत नवी फाइल स्वतः टाइप केली आणि मोठ्या तोऱ्यात मला सुरू केलं. मी पहिलं नाव घेऊन दार ठोठावलं. बंद. पुढचं, बंद. शेवटपर्यंत बंदच! मित्रांनो, मी खोटं बोलत नव्हतो. पण मी सांगत होतो ते खरंही नव्हतं, हे मला कुठे ठाऊक?

गिऱ्हाइकं येऊन परत जाऊ लागली. नानासो दारात आले आणि पोती कुठल्या भिंतीला लावायची ते त्यांनी हमालाला हाताने दाखवलंसुद्धा. "सांजपत्तूर बघतो वैनी. मग मला बोल लावू नका."

काकूने एसटीडी लावून भरतेशला गाठलं. त्याने फाइल वरपासून वाचायला सांगितली. काकूने इंटरनेट कंपनीचं नाव वाचलं, त्याखालचा शब्द वाचला, असं करत तळापर्यंत आली. सगळं अगदी बरोबर. मग चेकरच बिघडला असणार, तो म्हणाला, त्याला पुसून टाका, मी दुसरा पाठवतो. पुसून टाका! आणि दुसरा पोस्टाने येईपर्यंत पोती छताला लागली असती, ते वेगळंच.

शाळा सुटून कीर्ती आली. पुसायच्या आधी एकदा लिहून तर काढू, म्हणत तिने कागद ओढला आणि मी काय काय करतो ते मोठ्याने बोलत लिहायला बसली. पहिली ओळ घेतो, ते नाव. दुसरी ओळ घेतो, तो परवलीचा शब्द. लिहिता लिहिता तिने फाइल बघितली आणि थांबली.

"आई, सगळ्यात वर श्री आहे."

"मग? काय लिवायचं तर वर श्री नको?"

"फोनवर दादाला वाचून नाही दाखवलंस?"

"श्री कुणी वाचून दाखवतंय व्हय? ती काय वळ हाय?"

माझ्या लेखी ती ओळच होती ना! श्रीला मी नाव समजलो, खऱ्या नावाला परवलीचा शब्द समजलो, आणि तिथून सगळंच एकेक घर खाली सरकलं होतं. कीर्तीने श्री पुसलं आणि बटण दाबलं. मोडेम किरकिरला. चालू. चालू. चालू! हुश्श! तारेतून गार वारा गेल्यासारखं वाटलं मला.

नानासोंनी पडद्याकडे बघितलं, काकूकडे बघितलं आणि हमालाला म्हणाले, "चल रं, पोती मागल्या गाळ्यात न्हे."

काकू मात्र तशीच बसून होती. "चाललं, लय बरं झालं. पण श्रीबिगर मी लिवायची न्हाई कीर्ते. उद्या परत लिवीन, आत्ताच सांगून ठेवते."

रात्री कीर्तीने फोन लावून हे सांगितलं, तेव्हा भरतेश कितीतरी वेळ हसत होता. मग त्याने माझी कुठली ओळ बदलायची ते कीर्तीला सांगितलं. तेव्हापासून मी सगळ्यात वरची ओळ सोडून पुढे जातो. आणि कीर्तीने माझी माहिती लिहिली, तिची सुरुवात अशी: 'फाइलीत सर्वांत वर श्री लिहावे. चेकर ते वाचत नाही. श्री लिहिले नाही तर पहिले नाव वाया जाईल.' हे वाचून काकू पहिल्यांदा हसली.

पुढे मी वडूजला, अशाच एका इंटरनेटच्या खोलीत गेलो, सोबत त्या पानांची झेरॉक्स. तिथल्या अनोळखी ताईने पानं वाचली, फाइल बनवली आणि मला सुरू केलं, कुणालाही फोन न करता. मी 'चालू' म्हटलं. तिला काय कळणार, मला किती हलकं वाटलं ते!

आता मोठे, रंगीत प्रोग्रॅम आलेत आणि मी बहुतेक वेळ खणात असतो. तक्रार नाही. फक्त एक मागणं आहे. मित्रांनो, तुम्ही कुणासाठी काही बनवलंत, तर ते हातात ठेवून पळू नका. ते माणूस ते वापरत असताना घटकाभर शेजारी बसून बघा, आणि मग त्याच्यासाठी लिहा. म्हणजे तुम्ही दूर गेलात तरी त्याची खोली उघडी राहील.