पातेल्यापुढचा नाच

नाताळच्या आदल्या दुपारी तमालेंचं, म्हणजे कणसाच्या पानांत वाफवलेल्या मक्याच्या उंड्यांचं, मोठं पातेलं चुलीवर चढलं, की ओतिलिया आजी गोष्ट सांगायची: तिची आई तोमासा दगडी पाटा घेऊन सीमेवरची नदी ओलांडून लारेडो गावी कशी आली, त्याची. यंदा आजीचा आवाज बसला होता. गोष्ट आता थोरल्या सुनेकडे, म्हणजे आपल्याकडे येणार, हे एर्लिंदा धरूनच चालली होती. त्यासाठी तिनं नवा झगासुद्धा घातला होता.

आजी म्हणाली, "मारिबेल, तू सांग गं."

मारिबेल म्हणजे धाकटी सून. उंबरा ओलांडून वर्षही झालं नव्हतं तिला!

पुढच्या घाण्यासाठी कणसाच्या पानांवर मक्याचं पीठ थापता थापता एर्लिंदा ऐकत राहिली. मारिबेलनं डोक्यावर पाटा सावरत नदीत घसरणाऱ्या तोमासाची नक्कल केली. पोरं लोळून हसली. एर्लिंदाचा स्वतःचा मुलगा बेतोसुद्धा!

"पाटा डोक्यावर नव्हता, पाठीला बांधला होता," एर्लिंदा पुटपुटली. कुणाच्या कानी गेलं नाही. मत्सराला देवानं डोळे दिले, कान दिले, फक्त झोप तेवढी दिली नाही.

झाकण काढलं, तर तमाले कच्चे! पुन्हा वाफ दिली, तरी पीठ पानांना चिकटलेलंच.

"पातेल्याशी कुणीतरी राग धरून बसलंय," आजी म्हणाली. "ज्याचा असेल त्यानं पातेल्यापुढं नाचावं. नाहीतर आज सगळे उपाशी."

"माझ्याकडं नका बघू," नणंद चोना म्हणाली. "माझा राग नवऱ्यावर, आणि तो बाहेर गाडी धुतोय."

"माझंच काही चुकलं असेल," म्हणत मारिबेल उठली आणि नाचू लागली.

नाचू दे, एर्लिंदाला वाटलं. पण पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला मात्र, तिचं डोकं फिरलं. गोष्ट हिची, आता नाचही हिचाच?

"सर बाजूला! राग माझा आहे!" एर्लिंदा पातेल्यापुढं उभी राहून थयथय नाचू लागली. डोळ्यांतून धारा. "आई, गोष्ट मला हवी होती!"

"बाई गं, तू अगदी बरोबर सांगतेस," आजी म्हणाली, "पण पोरं उठून जातात."

"जातील कशी? नाचता नाचता सांगते. पाटा होता पाठीला, आणि नदी म्हणाली, आधी पाटा ठेव!" एर्लिंदानं पाठीवर ओझं घेतल्यागत झोकांडी खाल्ली. पोरं खिदळली. बेतो सगळ्यांत मोठ्यानं.

पातेल्याचं झाकण वाफेनं थडथडू लागलं. एर्लिंदाचं लक्ष मात्र मारिबेलकडं होतं. ती हसत होती, पण जरा कमीच, असं एर्लिंदाला वाटलं. तिनं आणखी एक गिरकी घेतली.