कावळ्यामागची भिंत

बारा ऑगस्ट, सकाळी सहा वाजून चौदा मिनिटं. ओकुदाइरा वाडीत एअर रायफलचा एक छर्रा सुटला, पर्सिमनच्या फळझाडावर बसलेल्या कावळ्याच्या पंखाखालून गेला आणि मागच्या घराच्या लाकडी झडपेतून आत शिरला. झडप उघडण्यासाठी आतल्या बाजूला पासष्ट वर्षांच्या फुसाए मियाशिता उभ्या होत्या. छर्रा त्यांच्या उजव्या खांद्याच्या हाडाखाली रुतला.

ते घर अकरा वर्षं रिकामं होतं. निदान वाडीतला प्रत्येक जण तसंच धरून चालत होता.

चाप ओढला होता नात्सुए कितहाराने. वय अडतीस, आईसोबत नासपतीची बाग बघते, बंदुकीचा परवाना गेल्या नोव्हेंबरातला. तिच्या डाव्या हाताला गुडघ्यावर बसून कानइची शिओझावा दुर्बिणीतून पाहत होता. वय त्र्याहत्तर, वाडीच्या शिकारी मंडळात बेचाळीस वर्षं, एकही अपघात नाही. नात्सुएला त्यानेच शिकवलं होतं.

त्याची शिकवणी हिवाळ्यात सुरू झाली आणि पहिला महिनाभर त्याने तिला कावळ्यावर नेम धरूच दिला नाही. रायफलच्या टाकीत हातपंपाने हवा कशी भरायची, दाबाचा काटा कुठे थांबवायचा, दुर्बीण चाळीस मीटरला कशी जुळवायची, हे सगळं आधी. मग छर्रे. डबीतला प्रत्येक छर्रा बोटांत फिरवून पाहायचा, कड दबलेली असेल तर बाजूला टाकायचा. नेम डोक्यावर नाही, डोकं सतत हलतं. पंख जिथे छातीला मिळतो तिथे. मचाण झाडावर नको, जमिनीवरच, बागेचीच जुनी जाळी वरून टाकून. कारण नारिंगी जाकीट सक्तीचं आहे आणि वाडीतले कावळे ते जाकीट माणसापेक्षा आधी ओळखतात. कानइचीची पांढरी छोटी मालवाहू गाडी तर त्यांना नंबरासकट पाठ होती.

"कावळा मोजतो," तो सांगायचा. "दोघं मचाणात शिरले नि एक बाहेर पडला, तर दुसरा आत आहे हे त्याला कळतं. तिघांपर्यंत हिशेब पक्का. चार शिरले नि तीन निघाले, की गोंधळतो."

"मग चौघांनी जाऊ या की."

"वाडीत चौथा माणूस आण आधी!"

हे म्हणून तो स्वतःच हसायचा. एकेचाळीस घरांची वाडी, त्यांतल्या एकोणीस घरांना बाहेरून कुलूप.

त्याचा मुख्य धडा मात्र वेगळा होता. छर्रा कावळ्यापाशी थांबत नाही. ज्याच्या मागे नुसतं आकाश आहे असा कावळा कितीही जवळ असला तरी सोडून द्यायचा. त्याच्या मागे माती हवी: बांध, डोंगराचा उतार, नाहीतर भिंत. "कावळा दिसला म्हणजे निम्मं काम. त्याच्या मागे काय दिसतं ते उरलेलं निम्मं." नात्सुए चाप ओढण्याआधी प्रत्येक वेळी विचारायची, "मागे काय?" आणि तो उत्तर द्यायचा. "बांध." "उतार." "भिंत, रिकामी."

या 'रिकामी'साठी कानइचीने एक नकाशा काढला होता. शाळेच्या चित्रकलेच्या कागदावर वाडीची प्रत्येक पायवाट, प्रत्येक घर, आणि बंद घरांवर लाल पेन्सिलीची फुली. फुलीचं घर म्हणजे मागची भिंत म्हणून चालणारं घर. नियमात असं काही बसत नाही. घर ते घर, त्या दिशेला नळी वळवायची नाही. पण बांधावर बसणारे कावळे कमी आणि ओसाड अंगणातल्या, कोणी न तोडलेल्या फळांवर बसणारे जास्त. मंडळातले सातही जण त्याच नकाशावर चालत. सहा जणांनी तो डोक्यात ठेवला होता. नात्सुए नवी, म्हणून तिला त्याने कागदच देऊन टाकला. मियाशितांच्या घरावरची फुली सर्वांत जुन्या फुल्यांपैकी एक.

ओबोनच्या सणात पितर घरी येतात आणि बंद घरंही उघडतात. नागोया, तोक्योहून मुलंबाळं येतात, कबरी धुतात, चार दिवस झडपा उघड्या राहतात. कानइचीला हे माहीत नव्हतं असं कोणी म्हणणार नाही. पण घरं उघडतात तेराला. आणि तेरा ते सोळा वाडीत कोणी जीव मारत नाही, मासासुद्धा धरत नाही, त्यामुळे त्या चार दिवसांत रायफली कपाटातच असतात. म्हणून नकाशात ओबोनचा विचार करायची वेळ कधी आलीच नव्हती. बाराची सकाळ ही सणाआधीची शेवटची सकाळ होती.

नात्सुएला ती सकाळ हवीच होती. नासपती आठवड्यात उतरवायच्या होत्या. कावळा एक फळ खाऊन गप्प बसत नाही. एकाला चोच मारतो, गोडी बघतो, पुढच्यावर जातो. अकरा तारखेला तिने एका रांगेतून चोच मारलेली फळं तीन टोपल्या भरून काढली होती.

पहाटे पाचला दोघं जाळीखाली बसले. पहिला तास काहीच नाही. सहा वाजून गेल्यावर टेहळणीचा कावळा आला आणि मियाशितांच्या अंगणातल्या पर्सिमनवर बसला. पंचेचाळीस मीटर. तो ओरडायला लागला आणि थांबेचना.

"आपल्याला पाहिलं काय?" नात्सुएने पुटपुटत विचारलं.

"आपल्याकडे पाठ आहे त्याची. घराकडे तोंड करून ओरडतोय येडा."

"घराकडे कशाला?"

"मांजर असेल. हाच पहारेकरी. हा पडला की बाकीचे आठवडाभर फिरकणार नाहीत."

"मागे काय?"

"भिंत, रिकामी."

तिने श्वास निम्मा सोडून धरला. "मारू?"

"मार."

हे संभाषण त्या दोघांखेरीज कोणी ऐकलेलं नाही. नात्सुएच्या आईला, शिमेला, ते नंतर लेकीकडून कळलं आणि तिच्याकडून आम्हा दोन-तीन शेजाऱ्यांना.

भिंत तिथे होती, हातभर जाड मातीची. पण कावळा बसला होता डावीकडच्या फांदीवर, आणि त्या फांदीमागे भिंत संपून झडपा सुरू होत होत्या. देवदाराच्या, उन्हाने पापुद्रा झालेल्या. कावळा उडाला. झडपेवर काळा ठिपका दिसला. मग आतून आवाज आला. कानइची म्हणाला, "मांजरच." नात्सुए तोवर रायफल ठेवून पळत सुटली होती.

फुसाए मियाशिता अकरा तारखेच्या शेवटच्या बसने आल्या होत्या. सणाच्या दोन दिवस आधी, घर झाडायला. शेजाऱ्यांना रात्री कशाला उठवायचं म्हणून त्यांनी कोणाला कळवलं नव्हतं, आणि डासांमुळे झडपाही उघडल्या नव्हत्या. इस्पितळात त्यांनी पोलिसांना सांगितलं ते एवढंच: "कावळा फार ओरडत होता. काय झालं म्हणून बघायला उठले." परिचारिकेला त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. नवरा गेल्यापासून नागोयातलं घर सोडायचं मनात होतं. जमलं तर इथेच राहायला यायचं होतं.

चौकीतल्या हवालदाराने त्याच दिवशी दोघांचे जबाब घेतले. नात्सुए म्हणाली, "मी झाडली. मागे बघायचं काम माझं होतं." तिला आणखी काही सांगायचं आहे का, असं त्याने दोनदा विचारलं. तिने दोनदा नकारार्थी मान हलवली. कानइचीला विचारलं, तुम्ही काय पाहिलंत? तो म्हणाला, "मी कावळ्याकडे बघत होतो." हे खरं होतं. जबाब चार ओळींत संपला.

नात्सुएची रायफल आणि परवाना जमा झाला. चाप ओढणारा जबाबदार, हे परीक्षेच्या पुस्तकात पहिल्याच पानावर असतं. परवाना परत मिळणं कठीण, खटला उभा राहणं शक्य. पण शिकवणाऱ्यानेच ते घर सुरक्षित म्हणून दाखवलं होतं, लाल फुलीने लिहून दिलं होतं, हे पुढे आलं तर तिच्यावरचं ओझं हलकं होईल. आणि मग कानइचीचा परवाना जाईल, बेचाळीस वर्षं जातील, मंडळातल्या बाकीच्यांनाही हवालदार एकेक करून बोलावेल. वाडीप्रमुख ओगुशी स्वतः मंडळात आहे. वाडीच्या सभेत तो म्हणाला, "कावळा बसायला नि फांदी मोडायला एकच गाठ पडली, दुसरं काय." नकाशाचं नावही कोणी काढलं नाही.

तेराच्या संध्याकाळी दारोदारी पितरांना वाट दाखवणारा जाळ पेटला. मियाशितांच्या दारात पेटवायला कोणी नव्हतं. शिमे आपल्या घरच्या काड्यांची अर्धी जुडी घेऊन गेली आणि त्या भोक पडलेल्या झडपेसमोर जाळ करून आली.

सोळाला, पितरांना निरोप देण्याच्या संध्याकाळी, कानइची कितहारांच्या अंगणात आला. शिमे काड्या रचत होती.

"या, कान-सान. चार दिवसांनी रस्ता सापडला वाटतं."

"पाय दुखत होता, शिमे-सान."

"हो ना, तोंडापर्यंत दुखत असेल. म्हणून चार ओळींत आटोपलंत."

तो ओट्याच्या कडेवर टेकला. नात्सुएने चहा आणून ठेवला. त्याने कपाला हात लावला नाही.

"तो नकाशा," तो म्हणाला, "तुझ्याकडेच आहे ना?"

"आहे."

"पोलिसांना दिला नाहीस."

"मागितला नाही त्यांनी."

"त्यांना माहीतच नाही, तर मागतील कसा?"

"तुम्हाला माहीत होतं की, शिओझावा-सान," नात्सुए म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुम्हालाही विचारलं होतं त्यांनी."

मग तो म्हणाला, "मला बघायचाय तो. त्या घरावर फुली कधी मारली ते."

"बघायचाय का जाळायचाय?" शिमेने मान वर न करता विचारलं. "नाही, जाळ पेटतोच आहे आता. सोय चांगली झाली."

"आई!"

"काय आई? दहा महिने माझी पोर या माणसाला विचारून श्वास घेत होती. मागे काय, मागे काय. आता हिच्या मागे काय आहे ते सांगा म्हणावं."

नात्सुए आत गेली आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून घडी केलेला कागद घेऊन आली. दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला, नव्या माणसाने गुरूला काही द्यावं तसा.

"दुसरी प्रत नाही माझ्याकडे," ती म्हणाली. "फोटोसुद्धा काढलेला नाही."

"का नाही काढलास?"

"तुमचा आहे तो."

कानइचीने कागद उघडला, बराच वेळ पाहिला. फुल्यांना तारखा नव्हत्या. त्याने घडी घालून तो सदऱ्याच्या खिशात ठेवला. जाताना तो शिमेच्या जाळापाशी थांबला. काड्या भराभर जळत होत्या. त्याचा हात खिशाकडे गेला, तिथेच राहिला. नंतर तो वाकून शिमेला म्हणाला, "राख पाण्याने विझवा, वारा आहे," आणि निघून गेला.

सतराच्या सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी त्याने गाडी काढली. अंगावर सणाचा कोट होता, असं समोर राहणाऱ्या म्हातारीने सांगितलं. वाडीचा रस्ता खाली नदीच्या पुलाला मिळतो. पूल ओलांडून उजवीकडे शहराचं पोलीस ठाणं, वीस मिनिटं. डावीकडे ओगुशीचं घर.

आठ-पन्नासला टपाल वाटणाऱ्या बाईला त्याची पांढरी गाडी पुलाच्या मध्यावर कडेला उभी दिसली. इंजिन चालू होतं. तिने काचेवर टकटक केलं. तो म्हणाला, काही नाही, रस्ता बघतोय. वर तारेवर पाच-सहा कावळे बसले होते, असंही ती म्हणाली.

फुसाए मियाशितांच्या खांद्यातला छर्रा अजून आत आहे. तो रक्तवाहिनीला लागून असल्याने डॉक्टर उद्या, अठराला, काढणार आहेत. उजवा हात वर उचलता येईल की नाही ते त्यानंतर कळेल. नात्सुएला परवा दहा वाजता पुन्हा जबाबाला बोलावलं आहे.

दुपारी एक वाजेपर्यंत ठाण्याच्या नोंदवहीत शिओझावा हे नाव आलेलं नव्हतं. ओगुशीकडेही तो गेलेला नाही. गाडी पुलावरच आहे, आणि तो आत बसलेला आहे.